किनारी पर्यटनासाठी हरित कर्ज मागताना या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारात बसून कर्जप्रस्ताव तयार करताना गुजरातच्या शिवराजपूर किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर पर्यावरणपूरक निवास उभारू पाहणारी मंडळी नेहमी भेटतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘रिझर्व्ह बँकेची हरित योजना आहे ना?’ हाच असतो. रिझर्व्ह बँक उद्योजकाला कर्ज देत नाही. १ जून २०२३ पासून लागू झालेल्या तिच्या हरित ठेवींच्या चौकटीने बँकांना एवढेच बजावले आहे की अशा ठेवींचा पैसा सौरऊर्जा, सांडपाणी व्यवस्थापन, जैवविविधता संवर्धन यांसारख्या ठरावीक कामांतच जावा आणि त्याची त्रयस्थ पडताळणी दरवर्षी व्हावी. स्वस्त व्याजाची हमी तीत नाही.

दुसरी चूक याहून महागात पडते, ती म्हणजे अख्खे रिसॉर्टच हरित ठरवून टाकणे. एका गृहस्थांच्या अहवालात बांबूच्या खोल्या होत्या, मुखपृष्ठावर कासव होते आणि खर्चाच्या रकान्यात ‘पर्यावरण पर्यटन’ या नावाखाली एकच ठोक रक्कम होती. शाखाधिकाऱ्यांनी सांडपाणी कोठे जाणार असे विचारले, तेव्हा शोषखड्डा आणि वातानुकूलनासाठी डिझेल जनित्र अशी उत्तरे निघाली. शिवाय खोल्यांची पुढची रांग भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत होती. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर त्या पट्ट्यात पक्के बांधकाम चालत नाही, त्यामुळे प्रस्ताव परत येणारच होता. गृहस्थांना मात्र ‘ओळखीने होईल’ असे अखेरपर्यंत वाटत होते.

तेव्हापासून भरतीरेषा दाखवणारा नकाशा हाती येईपर्यंत मी अहवालाची एक ओळही लिहीत नाही. नंतर खर्च वेगळा मांडतो: सौर संच, सांडपाणी शुद्धीकरण आणि पाणी साठवण यांची स्वतंत्र दरपत्रके एका बाजूला, खोल्या आणि फर्निचर सामान्य मुदतकर्जात. सौरऊर्जेच्या ३५ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाची गणना अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे बँकांनी कर्जाचा ठरावीक हिस्सा द्यायलाच हवा अशा क्षेत्रात, होत असल्याने बँकेलाही त्यात रस असतो.

मोबाइलवर आलेला नमुना अहवाल जसाच्या तसा देऊ नका. शिवराजपूरच्या प्रस्तावात केरळच्या हाउसबोटी मी वाचल्या आहेत. खारफुटी तोडून वाट काढायची आणि दाराशी झाडे लावल्याचे छायाचित्र जोडायचे, ही चलाखी तर प्रस्तावात आणूच नये. मंजुरीनंतर वीजमीटरच्या नोंदी आणि शुद्धीकरणाचे चाचणी अहवाल पहिल्या महिन्यापासून फाइलला लावावेत, कारण पडताळणीच्या वेळी बँक ते तुमच्याकडेच मागेल.