फिशटँकचा फिल्टर सारखा बंद पडतोय? या चुका टाळा

आमच्या टँकमधला फिल्टर अधूनमधून बंद पडायचा. दुकानात नेला, तर लावल्याबरोबर सुरू झाला. "मोटार कमजोर झालीय, नवीन घ्या," असं सांगितलं आणि मी नवीन घेतला. सात-आठ महिन्यांत नव्याचीही तीच कथा. शेवटी सासूबाईंच्या लक्षात आलं. "अगं, माझ्या उपासाच्या दिवशीच हा बंद असतो बघ," त्या म्हणाल्या. त्यांचा उपास गुरुवारचा, आणि पुण्यात आमच्या भागात देखभालीसाठी वीज जाते तीही गुरुवारीच.

मोटार दोन्ही फिल्टरची चांगली होती. वीज गेली की फिल्टर थांबायचा आणि वीज आल्यावर त्याला पुन्हा फिरायला जमत नव्हतं. दुकानापर्यंतच्या हिसक्यांनी आतला अडकलेला भाग सुटायचा, म्हणून तिथं तो शहाण्यासारखा चालायचा.

तेव्हापासून कोणी फिल्टरची तक्रार सांगितली की मी आधी एकच विचारते: बंद कधी पडतो? वीज जाऊन आल्यावर, टँक साफ केल्यावर, की काहीच न करता? याचं उत्तर नसेल, तर चार दिवस वेळ लिहून ठेवा. स्क्रू-ड्रायव्हर नंतर.

न ऐकताच "मोटार गेली" म्हणणं

फिल्टर लावा आणि टँकच्या काचेला बाहेरून हात लावा. बारीक गुणगुण जाणवतेय, पण पाणी येत नाही? म्हणजे मोटारीपर्यंत वीज पोचतेय आणि आतला पंखा अडकलाय. आपल्या घरांत ही तक्रार सर्वांत जास्त, आणि ती घरीच दुरुस्त होते. खडखड येत असेल तर आत हवा अडकलीय किंवा दांडी झिजलीय. अजिबात आवाज नसेल तर आधी प्लग बघा. या फिल्टरांचा दोन पिनांचा बारीक प्लग आपल्या सॉकेटमध्ये बऱ्याचदा सैल बसतो, त्यातून एक्स्टेन्शन बोर्ड जुना असेल तर विचारूच नका. दुसऱ्या, घट्ट सॉकेटमध्ये लावून पाहा. तिथंही आवाज नसेल, तरच मोटारीवर संशय घ्या.

स्पंज धुणं आणि इम्पेलर विसरणं

पाण्यातल्या फिल्टरची रचना साधी असते. वायरचं वेटोळं प्लास्टिक आणि रेझिनमध्ये कायमचं बंद केलेलं असतं. त्याच्या खोबणीत एक गोल चुंबक असतो आणि चुंबकाच्या टोकाला पाती असतात. हा इम्पेलर, दुकानदार त्याला पंखा किंवा रोटर म्हणतात. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर तो मिनिटाला साधारण 3000 फेरे घेतो. एकदा वेग पकडला की थोडी घाण असली तरी फिरत राहतो. अवघड असतं ते जागेवरून उठणं. खोबणीत क्षारांचा पांढरा थर किंवा बुळबुळीत घाण साचली की तिथंच तो कमी पडतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर हा थर लवकर धरतो. आमचे दोन्ही फिल्टर याच थरानं अडवले होते.

साफ करताना पहिलं काम प्लग काढण्याचं. फिल्टरचा काढा, हीटरचा काढा, पाण्यात बुडालेल्या प्रत्येक वस्तूचा काढा. नुसतं बटण बंद करून हात पाण्यात घालू नका. मग पुढचं झाकण काढून इम्पेलर सरळ रेषेत बाहेर ओढा. चुंबक असल्यामुळे तो आत खेचल्यासारखा वाटेल, पण वाकडा ओढलात तर आतली सिरॅमिकची दांडी काडीसारखी मोडते. दांडीच्या टोकांना छोटे रबरी बुश असतात. ते बेसिनमध्ये वाहून जाऊ नयेत म्हणून काम ताटलीत करा. वाळूचा एक कण, पानाचा देठ, केस, कधीकधी चक्क छोटी गोगलगाय, एवढं अडकायला पुरतं. खोबणी इअरबडनं किंवा जुन्या मऊ ब्रशनं पुसा. क्षार चिकटले असतील तर इम्पेलर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा-एक तास ठेवा आणि नंतर चांगला धुवा. खोबणीतही तेच पाणी भरून ठेवता येतं. सुरीनं खरवडू नका, चरे पडले की घाण आणखी धरते.

इथं दोन चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. पहिली, पंखा सुरळीत फिरावा म्हणून तेल घालणं. खोबरेल असो की शिलाई मशीनचं, तेल पाण्यावर तवंग धरतं आणि माशांना मिळणारी हवा अडवतं. या मोटारीला वंगण लागतच नाही, पाणी हेच तिचं वंगण. दुसरी चूक जास्त महागात पडते. बऱ्याच इम्पेलरमध्ये पाती चुंबकावर थोडी सैल असतात, अर्धा वेढा मोकळी फिरतात आणि मग अडतात. हा बिघाड नाही. चुंबकाला सुरुवातीला ओझं न घेता उठता यावं म्हणून ती मुद्दाम तशी ठेवलेली असतात. "सुटलंय" म्हणून तिथं फेव्हिक्विक लावलं की इम्पेलर कायमचा गेला. उलट तिथं घाण बसून पाती घट्ट झाली असतील, तर ती मोकळी करा.

दांडी मोडली किंवा झिजली असेल तर इम्पेलर सुटा मिळतो. जुना सोबत न्या, मापात थोडाही फरक चालत नाही.

पाण्याची पातळी आणि हवा

एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी भराभर उडतं. पातळी खाली गेली की काचेवर अडकवायचा फिल्टर हवा ओढायला लागतो, वीज गेली की त्यातलं पाणी उतरतं आणि नंतर तो कोरडाच फिरतो. अशा वेळी टँक भरा, फिल्टरच्या डब्यात मगभर पाणी ओता, मग सुरू करा. हवेच्या पंपाचा दगड फिल्टरच्या तोंडाखाली ठेवला असेल तर तो हलवा. बुडबुडे आत गेले की पंखा हवेतच फिरतो आणि पाणी ढकलत नाही.

थांबलेला फिल्टर तसाच सुरू करणं

बंद फिल्टरपेक्षा मला याची धास्ती जास्त वाटते. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजवर राहतात आणि त्यांना वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन लागतो. प्रवाह थांबला की काही तासांत ते गुदमरायला लागतात. बंद डब्याच्या कॅनिस्टरमध्ये तर आणखी लवकर. रात्रभर बंद राहिलेला फिल्टर सकाळी नुसता सुरू केला, तर आतलं कुजकं पाणी थेट माशांवर येतं. आधी उघडा, वास घ्या, आतलं पाणी फेका, स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, मग लावा. पुढचे एक-दोन दिवस खाणं देऊ नका किंवा चिमूटभरच द्या.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही तोही याच जिवाणूंसाठी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. सगळा स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज (याच जिवाणूंसाठी फिल्टरमध्ये ठेवलेली सच्छिद्र कडी) एकाच दिवशी बदलल्या तरी परिणाम तोच.

उन्हाळ्यात जास्त जपा. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांवर साडेसातच. वीज लांबली तर बॅटरीवरचा हवेचा पंप लावा. तो नसेल तर टँकमधलंच पाणी मगानं उंचावरून पुन्हा टँकमध्ये ओतत राहा. विजेवरचा हवेचा पंप टँकपेक्षा खाली ठेवला असेल तर नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात उतरतं. जुन्या पद्धतीच्या इन्व्हर्टरवर फिल्टर नुसता गुणगुणत तापत असेल, तर तो इन्व्हर्टरवर चालवू नका.

जिथं दुरुस्ती करायचीच नाही

वायर पाण्याच्या आत कुरतडली असेल, मोटारीच्या कवचाला तडा असेल किंवा पाण्यात बोट घातल्यावर झिणझिण्या आल्या असतील, तर टेप, एम-सील काहीही लावू नका. प्लग काढा आणि फिल्टर टाकून द्या. वायर नेहमी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारे थेंब सॉकेटमध्ये न जाता झोळावरून खाली पडतात. घरच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून बसवून घ्या.

आमचे दोन्ही फिल्टर अजून चालू आहेत, जुना गप्पीच्या पिल्लांच्या टँकमध्ये. बुधवारी रात्री मी दोन्हींचे प्लग मिनिटभर काढते आणि पुन्हा लावते. लगेच पाणी आलं तर ठीक. पाच-दहा सेकंद नुसती गुणगुण ऐकू आली, तर त्याच रात्री इम्पेलर व्हिनेगरच्या वाटीत जातो.