वाडीचा कल आकड्यांतून कसा वाचावा

पारावरच्या गप्पांवर विसंबू नका, नमुना २०, म्हणजे निवडणुकीचं अंतिम निकालपत्रक घ्या. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर विधानसभा मतदारसंघ निवडला की केंद्रनिहाय मतं मिळतात. सोबत मतदारयादी हवीच. तिच्या पहिल्या पानावर त्या भागात कुठल्या वाड्या येतात ते दिलेलं असतं. एका केंद्रात खारवीवाडी आणि वरची कुळवाडी एकत्र असतील, तर आकडा दोघांचा मिळून आहे. त्यातून एकीचा कल काढू नका.

टक्केवारी काढताना ‘नोटा’ची (वरीलपैकी कोणीही नाही) मतं वगळून वैध मतांनी भागा. टपाली मतं शेवटी वेगळी असतात, ती केंद्रात मिळवू नका.

खरी चूक होते ती तुलनेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात विनायक राऊत २०१९ला धनुष्यबाणावर लढले, २०२४ला मशालीवर. नुसतं चिन्ह धरून वजाबाकी केली तर गाव उलटलं असं वाटेल. म्हणून उमेदवार, पक्ष आणि युती असे तीन रकाने ठेवा.

मग चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहणारे गावकरी. ते गावात असतील-नसतील तसं मतदान बदलतं. लोकसभेचं मतदान ७ मे २०२४ला, ऐन आंब्याच्या दिवसांत. विधानसभेचं २० नोव्हेंबरला. म्हणून टक्क्यांआधी एकूण मतदान बघा. समजा एका उमेदवाराला आधी ४१० पैकी २०५ मतं, म्हणजे ५०%, आणि नंतर ३०० पैकी १८०, म्हणजे ६०%. टक्का वाढला, मतं २५ने घटली!

ग्रामपंचायतीचे निकाल यात मिसळू नका. तिथे पक्षचिन्ह नसतं. भावकी आणि पाण्याची टाकीच जास्त बोलते.