भूल देण्याआधी कुत्र्या-मांजराचं रक्त तपासताना

ऑपरेशन शनिवारी असेल तर रक्त बुधवारी-गुरुवारीच काढून घ्या. नमुना बिघडला तर दुसरा घ्यायला वेळ राहतो. गोचिडांच्या दिवसांत महिन्याभरापूर्वीचा रिपोर्ट तर धरूच नका.

निदान एवढं हवं: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि युरिया, यकृतासाठी एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज, अल्ब्युमिन हे प्रथिन, शुगर. सात वर्षांपुढच्या जनावराची सकाळची पहिली लघवीही घ्या. क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडाची सुमारे पाऊण ताकद गेलेली असते. लघवी त्याआधीच पातळ होऊ लागते.

आदल्या रात्रीच्या जेवणानंतर नमुना होईपर्यंत खायला काही नको, पाणी चालेल. इंदुरात सकाळच्या पोह्यांवरची शेव आणि जिलबीचा तुकडा लाडक्याला मिळतोच. तेवढा एक दिवस हात आवरा, नाहीतर सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) दुधाळ येतं आणि शुगरही चढते. चार महिन्यांखालच्या पिल्लाला मात्र रात्रभर उपाशी ठेवू नका, त्याची साखर झपाट्यानं उतरते. दोन-तीन तास पुरे.

जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूब खुणेपर्यंत भरायलाच हवी. 2 मिलीच्या ट्यूबमध्ये अर्धाच मिली रक्त घातलं तर ईडीटीए जास्त होतं, लाल पेशी आक्रसतात आणि पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) खोटा कमी येतो. मांजरासाठी अर्ध्या मिलीची छोटी ट्यूब मागून घ्या. सिरिंजची सुई काढून रक्त ट्यूबच्या भिंतीवरून सोडावं. सुईतूनच जोर लावून दाबलं की पेशी फुटतात. मग ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटसुलट करा, घुसळू नका. लाल झाकणाची ट्यूब अर्धा तास तशीच उभी ठेवा, रक्त गोठलं की सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून सीरम वेगळं करा.

खरा घोळ वाटेत होतो. मे महिन्यात पलासियाहून राजवाड्याकडे स्कूटरच्या डिकीतून गेलेला नमुना लॅबमध्ये पोचतो तो शिजूनच. सीरम वेगळं केलं नसेल तर साखर दर तासाला साधारण 5 ते 10 टक्के घटते, उन्हात त्याहून जास्त. म्हणून शुगर साखर टिकवणाऱ्या करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घ्या. बाकीच्या ट्यूब थर्मासमध्ये ठेवा, बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून. ट्यूब थेट बर्फाला टेकली तरी पेशी फुटतात.

नमुना माणसांच्या लॅबमध्ये गेला असेल तर छापलेला ‘नॉर्मल’ रकाना विसरा. कुत्र्याचा पीसीव्ही साधारण 37 ते 55, मांजराचा 30 ते 45. लॅब ‘ब्लड युरिया’ लिहिते, जनावरांच्या तक्त्यात बहुधा बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन) असतो, युरियाला 2.14 नं भागा. 60 युरिया म्हणजे 28 बीयूएन. मांजराच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र 40 हजार दाखवतं; घाबरण्याआधी काचेवर रक्त पसरून केलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा.

कुत्र्याच्या रिपोर्टमध्ये मात्र आपल्याकडे आधी प्लेटलेटच बघाव्यात, यकृत-मूत्रपिंड नंतर. गोचीडतापात कुत्रा जेवतो, खेळतो आणि तरीही प्लेटलेट घसरलेल्या असतात. 50 हजारांखाली असतील तर नसबंदी पुढे ढकला. त्याहून जास्त पण दीड लाखांच्या आत असतील तर स्लाइड आणि एर्लिकिया-बॅबेसिया या गोचिडांतून येणाऱ्या जंतूंची तपासणी करून मगच डॉक्टरांनी ठरवावं. अल्कलाइन फॉस्फेटेज एकटंच वाढलेलं असेल तर खाजेसाठी स्टेरॉइड चालू आहे का ते आठवा, आणि डॉक्टरांना सांगा.

डॉबरमन असेल तर सीबीसी स्वच्छ असूनही रक्त न थांबण्याची शक्यता राहते. वॉन विलेब्रँड हा रक्त नीट न थांबण्याचा आजार त्या जातीत पुष्कळ आढळतो आणि त्यात प्लेटलेटची संख्या पुरेशीच असते. ओठाच्या आत बारीक चीर देऊन रक्त थांबायला किती वेळ लागतो ते मोजतात. चार मिनिटांपुढे गेलं तर ऑपरेशनआधी तयारी वेगळी लागते.

गर्भाशयात पू झालाय किंवा पोट फुगून पीळ पडलाय अशा वेळी पूर्ण पॅनेलची वाट बघायची नसते. पीसीव्ही, प्रोटीन आणि शुगर दवाखान्यातच दहा-पंधरा मिनिटांत होतात, सलाइन लावता लावता.