मरीन टँकमधलं केसाळ हिरवं शेवाळ कसं आवरायचं

खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमधल्या दगडांवर हिरवे केस दिसायला लागले की लगेच केमिकल ओतू नका प्लीज, आधी पाणी बघा. टेस्ट किटवर नायट्रेट, फॉस्फेट शून्य आलं तरी खूश होऊ नका, कारण ते शेवाळानेच खाऊन टाकलेलं असतं. टॉप-अपला (उडून गेलेलं पाणी भरायला) आणि मीठ कालवायला फक्त आरओ-डीआयचं पाणी (आरओनंतर डीआय रेझिनमधून काढलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप ० आलाच पाहिजे, घरातल्या प्यायच्या आरओचं अजिबात चालत नाही.

पाणी बदलताना एका हातात सायफनची नळी धरा, दुसऱ्या हाताने टूथब्रशने दगड घासा, म्हणजे सुटलेला प्रत्येक धागा तिथल्या तिथे नळीत ओढला जातो, नाहीतर तुकडे टँकभर पसरून पुन्हा रुजतात. सुटा दगड असेल तर बाहेर काढून बादलीतल्या खाऱ्या पाण्यातच घासा. टर्बो गोगलगाई मस्त काम करतात पण छोटं शेवाळच खातात, लांब वाढलेलं आधी तुम्हीच उपटा. लाइट ७-८ तास पुरे. फ्रोझन फूड वितळवून गाळून घाला.

आणि फॉस्फेट एकदम शून्यावर नेऊ नका हं, कोरल उपाशी मरतात आणि मग डायनो (डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी चिकट थर करणारे सूक्ष्मजीव) येतात, ते तर याहून चिवट. ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या मधे राहू द्या.