फुलपाखरांची मोजणी: गटात शिकताना

पर्यावरण-अभ्यासकांनी चालवलेल्या स्थानिक गटात गेलात की पहिलं काम बहुधा मोजणीचं मिळतं. फुलपाखरांसाठी ठरलेल्या वाटेवरून फेरी मारायची असते. ब्रिटनमध्ये १९७६ पासून अशाच फेऱ्यांमधून नोंदी जमवल्या जात आहेत.

एक-दोन किलोमीटरची वाट आखा आणि नंतर तिला हात लावू नका. पलीकडे फुलं जास्त दिसतात म्हणून वाट वाकवली, की मागच्या वर्षाशी तुलनाच होत नाही. गवत संपून झुडपं लागतात तिथे नवा टप्पा धरा.

संथ, एकसारख्या चालीने चला. डावीउजवीकडे अडीच-अडीच मीटर, समोर पाच, वर पाच. या न दिसणाऱ्या पेटीत येईल तेवढंच मोजायचं. मागे वळून पाहू नका, नाहीतर एकच फुलपाखरू दोनदा नोंदलं जातं. ओळख पटवायला थांबलात तर मोजणीही थांबवा आणि त्याच जागेवरून पुन्हा सुरू करा.

फोटो पंखांच्या दोन्ही बाजूंचा हवा. मिटलेल्या पंखांवरचे ठिपके आणि रेघाच बऱ्याचदा निकाल लावतात. तरीही खात्री नसेल तर ‘लहान, पांढरं, जात अनिश्चित’ एवढंच लिहा. ठोकून दिलेलं नाव तक्त्यात गेलं की चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

वेळ, ऊन, वारा यांची नोंद करा. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. नवशिके नेमकं हेच विसरतात.