गाविलगडावर दोर लावताना या चुका टाळा

दिवाळी आटोपली की परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे गाड्यांची रांग लागते. त्यातल्या काहींच्या टपावर आता दोराच्या गुंडाळ्याही दिसतात. चांगलंच आहे, दोर धरायचा मक्ता काही पुण्या-नाशिकच्या पोरांना दिलेला नाही. पण चिखलदऱ्याजवळचा गाविलगड हा लढाईत फुटलेला किल्ला आहे, आणि इथं होणाऱ्या बऱ्याच चुका त्यातूनच निघतात.

जुन्या बांधकामावर भरवसा

"अहमदशहा बहमनीच्या काळापासून उभा असलेला तट पाच पोट्ट्यांचं वजन पेलणार नाही का?" तट पेलेल. दोर ज्या एका दगडाला वेढलाय तो पेलेलच असं नाही. पावसानं सांध्यांतला चुना धुऊन जातो, पिंपळाची मुळं आत शिरतात, आणि वरून दाबलं तर घट्ट बसलेला चर्येचा, म्हणजे तटाच्या माथ्यावरचा, दगड बाहेरच्या बाजूला ओढ बसली की सुटतो. त्यातून उत्तरेच्या तटानं तोफा खाल्ल्या आहेत. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं सातपुड्याच्या रानातून तोफा ओढत उत्तरेच्या पठारावर आणल्या, भिंतीला खिंडार पाडलं आणि १५ तारखेला गड घेतला. तिथल्या ढासळलेल्या भागात कोणता दगड मूळच्या जागी आहे आणि कोणता नुसता टेकलाय, हे नजरेला कळत नाही. जमिनीवर पडलेल्या तोफेला दोर बांधणारेही आहेत. गोल वस्तू ओढली की लोळते, तोफ जड असली म्हणून काय झालं?

तटात खिळा किंवा बोल्ट ठोकणं तर थेट गुन्हा आहे. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. १९५८ च्या कायद्याप्रमाणे अशा वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा चढाईसाठी गडाबाहेरचा नैसर्गिक कातळ निवडा. जागा वनहद्दीत असेल तर आधी परवानगी काढा. अँकर, म्हणजे दोर बांधायचे आधार, किमान दोन, एकमेकांपासून वेगळे: जाड जिवंत झाडाचा बुंधा, ठोकून पाहिलेला अखंड कातळ. काळ्या बेसाल्टच्या थरांमध्ये लाल मातकट पट्टा दिसला तर तिथं काहीच लावू नका, तो हातानं उकरला जातो.

इटलीच्या डोलोमाइट पर्वतात पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१७ या काळात, दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी कड्यांवर शिड्या आणि दोर लावले होते. त्यातल्या कित्येक वाटांवर आज वाटाड्यासोबत लोक चढतात. पण ते हुक अडकवतात ते नंतर बसवलेल्या पोलादी तारेत. युद्धातलं गंजकं लोखंड बघण्यापुरतं.

अशा तारेच्या वाटेवर, किंवा आपण आडवा दोर बांधून केलेल्या वाटेवर, नेहमीची चूक म्हणजे गाठ किंवा खुंटी ओलांडताना कमरपट्ट्याचे दोन्ही हुक एकदम काढणे. एक पुढं अडकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. उभ्या तारेवर साधी स्लिंग, म्हणजे पट्टीचा फास, तर चालतच नाही. घसरलेला माणूस खालच्या खुंटीपर्यंत येतो, झटका जबर बसतो आणि स्लिंग तुटू शकते. त्यासाठी झटका शोषणारा वेगळा संच मिळतो. युरोपीय मानकात तो ४० ते १२० किलो वजनासाठी तपासतात, त्यामुळे लहान मुलाला त्याच्याच भरवशावर सोडू नका.

वाटाड्या आणि दोरवाला एकच समजणे

गावातला कोरकू भाऊ वाट, पाणी, अस्वलाची जागा सगळं जाणतो. त्याला बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. उलट, शहरातून आलेल्या दोरवाल्याला रान कळत नाही. दोघेही हवेत, आणि रानात कोणी कुठं थांबायचं हे वाटाड्याच ठरवणार. मोहफुलं पडतात त्या दिवसांत तो पहाटे निघायला नको म्हणाला, तर वाद घालू नका. झाडाखाली अस्वल असतं.

आग्या मोहोळ

माझ्या मते इथला खरा धोका हाच, पडण्यापेक्षाही मोठा. कड्यावर आणि दरवाजांच्या कमानींखाली मोहोळं असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा, ड्रोन यांतलं काहीही पुरतं. चढाईच्या रेषेत मोहोळ दिसलं तर ती रेषा सोडा. माशा उठल्याच तर हात झटकू नका, तोंड झाका, दूर पळा. दोरावर लटकलेल्याला वर ओढत बसू नका, खाली सोडा. म्हणूनच रॅपलिंगचा, म्हणजे कड्यावरून उतरायचा, दोर वरून ढील देता येईल असा बांधायचा असतो. पक्की गाठ मारली की त्या वेळी काहीच करता येत नाही. डंख नखानं खरवडून लगेच काढा. श्वास लागला, ओठ सुजले तर घरगुती उपाय नकोत, थेट अचलपूरचं रुग्णालय गाठा.

अडकलात तर

रॅपलिंग करताना केस किंवा शर्ट डिसेंडरमध्ये, म्हणजे उतरताना दोर अडवून धरणाऱ्या साधनात, गेला की लोक चाकू काढतात. ताणलेल्या दोराला पातं नुसतं लागलं तरी तो कापला जातो. आधी डिसेंडर बांधून थांबा, वर प्रूसिकची (ओढ बसली की दोर आवळून धरणारी) गाठ मारून तिच्या फासात पाय द्या, वजन उचला, मग कापड ओढा. हे घरी आंब्याच्या फांदीवर करून बघितलेलं असावं.

हेल्मेट खाली उभ्या असलेल्यांनीही घाला. वरून वानरं दगड पाडतात. पावसाळ्यानंतर कमरेएवढ्या गवतात पाण्याच्या टाक्यांच्या कडा दिसत नाहीत, तिथं काठी आपटत चाला. धुकं उतरलं तर दोर आवरा आणि आहात तिथंच बसा. वर गारवा असतो म्हणून पाणी कमी घेऊ नका. उतरून परतवाड्याला पोहोचेपर्यंत ऊन वसूल करतं.