हातातल्या कन्सोलवर मोठा आरपीजी शेवटापर्यंत कसा खेळावा

आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन लांब कथा खेळायचे रोल-प्लेइंग गेम्स, अर्धवट का सुटतात असं विचारलं, तर बहुतेक जण म्हणतात, ‘फार लांब असतात.’ मला हे कारण पटत नाही. मध्ये दहा दिवसांचा खंड पडतो, परत आल्यावर आपण कुठे होतो, कुणाला भेटायचं होतं, कुठली तलवार कुणाच्या हातात दिली होती, यातलं काहीही आठवत नाही, आणि मग तो गेम पुन्हा उघडावासाच वाटत नाही. टीव्हीसमोर बसायचं तर सलग दोन तास काढावे लागतात. हँडहेल्डला, म्हणजे हातातल्या कन्सोलला, वीस मिनिटंही पुरतात. बटण दाबलं की गेम जिथल्या तिथे झोपतो, पुन्हा दाबलं की त्याच पावलावर जागा होतो. पडदा लहान आणि ताकद कमी, हे मान्य करूनही मोठ्या आरपीजीची खरी जागा हँडहेल्डच आहे, असं माझं ठाम मत आहे. फक्त तो जरा विचार करून खेळावा लागतो. कसा, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: आधी गेम ठरवा, कन्सोल नंतर

बरेच जण उलटं करतात. कन्सोल घेतात आणि मग त्यावर काय खेळायचं ते शोधतात. आरपीजीच्या बाबतीत हा क्रम घात करतो, कारण हँडहेल्डवर कुठला आरपीजी रमेल हे चित्रं किती सुंदर आहेत यावर ठरत नाही. ते ठरतं गेम तुमच्यासाठी थांबतो की नाही, यावर.

पाळीपाळीने लढायचे, म्हणजे टर्न-बेस्ड गेम्स थांबतात. हिट पॉइंट (पात्राचा जीव किती उरला ते), क्लास (पात्राचा पेशा), लेव्हल (त्याची पातळी) ही सगळी व्यवस्था १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळातून आली. १९८६ साली युजी होरी यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने ती इतकी सोपी केली की कुठलंही पुस्तक न वाचता, चार बटणांवर खेळता यावी. मेन्यू उघडा, हल्ला निवडा, उत्तर पाहा. मध्येच कुणी हाक मारली तर तुम्ही परत येईपर्यंत राक्षस जागचा हलत नाही. लोक या पद्धतीला जुनाट म्हणतात. मला उलट वाटतं की लहान पडद्यासाठी आणि तुकड्यातुकड्यांच्या वेळेसाठी याहून चांगली पद्धत अजून कुणी शोधलेली नाही.

ॲक्शन आरपीजी, म्हणजे न थांबता लढायचे गेम्स, वर्ज्य आहेत असं नाही. पण ‘द विचर ३’ किंवा ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’ हे तुमचे पहिले हँडहेल्ड आरपीजी असू नयेत. दोन्हींचे नकाशे अफाट आहेत, एकात एक गुंतलेल्या व्यवस्था अनेक आहेत, आणि वीस मिनिटांत तिथे रस्ता जेमतेम ओलांडून होतो.

गेम निवडताना ट्रेलर बाजूला ठेवा आणि या गोष्टी तपासा. सर्वात आधी सेव्ह. कुठेही सेव्ह करता येतं की ठरावीक ठिकाणीच? १९८९ साली गेम बॉयवर आलेल्या, अकितोशी कावाझू यांच्या पहिल्या ‘सागा’मध्ये लढाई सोडून कुठेही सेव्ह करता यायचं. सोबत नेता येणाऱ्या यंत्रावरचा खेळ कसा असावा, हे त्यांना त्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. मग बघा, गेम तुम्हाला मागची गोष्ट आठवून देतो का. ‘पोकेमॉन फायररेड’ आणि ‘लीफग्रीन’ सुरू केले की तुम्ही शेवटी काय काय केलं होतं ते आधी थोडक्यात दाखवतात. ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’ही लोड होताना आतापर्यंतची कथा सांगतो. ही सोय लहान दिसते, पण माझ्या मते चांगल्या ग्राफिक्सपेक्षा तिचं मोल जास्त आहे. तिसरं, वाटेत अचानक होणाऱ्या लढायांवर तुमचा ताबा आहे का. २०१२ च्या ‘ब्रेव्हली डिफॉल्ट’मध्ये या लढाया हव्या तेवढ्या वाढवता येतात, किंवा पार बंदही करता येतात. फक्त दहा मिनिटं हाताशी असताना गावापर्यंत पोहोचायचं असेल, तर हे वरदान आहे.

पहिलाच आरपीजी कुठला घ्यावा, असं कुणी विचारलं तर मी ‘क्रोनो ट्रिगर’चं नाव घेतो. मूळ १९९५ चा, २००८ मध्ये निन्टेन्डो डीएसवर आला. लांबी आटोपशीर आहे, एकही प्रसंग उगाच ताणलेला नाही आणि शत्रू बहुतेक नकाशावर दिसतात, त्यामुळे काही लढाया टाळता येतात. ते जमलं की ‘गोल्डन सन’, मग ‘पर्सोना ४ गोल्डन’. ‘पर्सोना’ प्रचंड लांब आहे, पण त्याची रचना दिवसांच्या हिशेबाने आहे. शाळेचा एक दिवस संपला की थांबायला आपोआप जागा मिळते. लांबी पचवायची ही पद्धत मला फार आवडते.

पायरी २: आता कन्सोल

इथे दोनच गोष्टी महत्त्वाच्या: अक्षर आणि वजन. बाकीची चर्चा आरपीजी खेळणाऱ्याने कानाआड केली तरी चालेल.

आरपीजी म्हणजे वाचन. मुळात टीव्हीसाठी बनवलेल्या गेममधली अक्षरं सात इंची पडद्यावर मुंगीएवढी होतात. पीसीवरचे गेम्स चालवणाऱ्या स्टीम डेक या हँडहेल्डवर तपासलेल्या प्रत्येक गेमला एक दर्जा दिलेला असतो आणि ‘व्हेरिफाइड’ दर्जासाठी अक्षरं वाचता येतात का, हेही तपासलेलं असतं. ती हिरवी खूण बघूनच गेम घ्या. डीएस, ३डीएस, पीएसपी, व्हिटा या जुन्या हँडहेल्डसाठीच लिहिलेल्या गेम्समध्ये हा प्रश्न सहसा येत नाही, कारण लेखकापासून चित्रकारापर्यंत सगळ्यांनी तोच पडदा डोळ्यासमोर ठेवलेला असतो. २००७ चा ‘एट्रियन ओडिसी’ बघा. वरच्या पडद्यावर भुयार आणि खालच्या पडद्यावर तुम्ही स्वतः स्टायलसने काढलेला त्याचा नकाशा. नकाशा काढणं हाच अर्धा खेळ. टीव्हीवर याची मजा निम्मीही उरत नाही.

वजनाचं म्हणाल तर निन्टेन्डोचा स्विच लाइट सुमारे २७५ ग्रॅम भरतो आणि पहिला स्टीम डेक सुमारे ६६९ ग्रॅम. पाठीवर पडून खेळणाऱ्याला हा फरक अर्ध्या तासात मनगटात जाणवतो. डेकवर खेळायचं असेल तर मांडीवर उशी घ्या आणि कोपर टेकवा. स्विच लाइट टीव्हीला जोडता येत नाही, पण ज्याला हातातच खेळायचं आहे त्याचं काही अडणार नाही.

जुनं यंत्र घेणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये नवीन खरेदीसाठी बंद झालं, त्यामुळे आता कार्ट्रिजच, म्हणजे कन्सोलमध्ये घालायच्या गेमच्या छोट्या वड्याच, शोधावी लागतात. आणि गेम बॉयच्या अनेक कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकून राहतो तो आतल्या छोट्या बटण-बॅटरीवर. ती संपली की सेव्ह पुसला जातो. म्हणून खेळायला बसण्याआधी एकदा सेव्ह करा, कन्सोल बंद करून पुन्हा सुरू करा, आणि तो जागेवर आहे का ते बघा.

पायरी ३: सुरुवातीलाच सेटिंग

अक्षरांचा आकार असेल तेवढा मोठा करा. संवाद आपोआप पुढे सरकत असतील तर ते बंद करा. वाचण्याची गती तुमची असावी. लढाईतली ॲनिमेशन्स वेगाने चालवायची सोय असेल तर चालू करा. कंपन बंद करा, बॅटरी तेवढीच जास्त टिकते. डेकसारख्या यंत्रावर टर्न-बेस्ड गेमसाठी फ्रेम्स (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) ३० किंवा ४० वर बांधून टाका. डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही, बॅटरीला मात्र मोठा पडतो.

आणि हेडफोन लावा. कोइची सुगियामा, नोबुओ उएमात्सु यांच्यासारख्या संगीतकारांनी या प्रकाराला अर्धा जीव दिला आहे. तो एवढ्याशा स्पीकरमधून ऐकणं हा त्या कामावर अन्याय आहे.

पायरी ४: लढाई समजून घ्या, लेव्हल मोजत बसू नका

या पायरीवर मी सर्वात जास्त वेळ घालवायला सांगेन. बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, हरत नाही म्हणून माणूस मागे जातो, त्याच त्या छोट्या राक्षसांना तासन्‌तास मारतो, लेव्हल वाढवतो आणि कंटाळतो. यालाच ग्राइंडिंग म्हणतात. हँडहेल्डवर ते सोपं वाटतं, कारण दुसरं काही करता करताही होतं. पण चांगल्या आरपीजीत अडणं बहुतेक वेळा लेव्हलमुळे नसतं. मेन्यूत एखादी गोष्ट पडून असते आणि तुम्ही ती वापरलेली नसते.

याचं सर्वात स्वच्छ उदाहरण ‘शिन मेगामी टेन्सेई ३: नॉक्टर्न’मधला मॅटाडोर हा बॉस. या मालिकेत शत्रूच्या दुबळेपणावर वार केला की जादा चाल मिळते, आणि वार हुकला की चाली कापल्या जातात. मॅटाडोर स्वतःची चपळाई एकदम टोकाला नेतो. तुमचे वार हुकू लागतात, प्रत्येक हुकण्यागणिक चाली जातात, आणि बघता बघता पार्टी, म्हणजे तुमचा अख्खा गट, आडवी होते. पाच लेव्हल वाढवूनही फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो त्याची चपळाई खाली आणणाऱ्या किंवा तुमची वर नेणाऱ्या मंत्राने, आणि वाऱ्याचा हल्ला झेलू शकणारे साथीदार सोबत घेतल्याने. म्हणजे तोवर ‘हे कशाला, सरळ मारूया’ म्हणून सोडून दिलेले मंत्रच इथे कामी येतात. हा गेम स्विचवरही आला आहे. धीर असेल तर जरूर खेळा.

म्हणून नियम असा ठेवा: बॉसकडून दोनदा हरलात तर लेव्हल वाढवायच्या आधी तुमच्याकडचा प्रत्येक मंत्र, प्रत्येक बाटली, प्रत्येक अंगठी नीट वाचा. बफ (आपली ताकद वाढवणारे मंत्र) आणि डीबफ (शत्रूची घटवणारे) एकेकदा करून बघा. तरीही नाही जमलं तरच मागे फिरा.

‘फायर एम्ब्लेम’ ही सैनिक हलवत लढायची मालिका खेळणाऱ्यांना एक वेगळा निर्णय घ्यावा लागतो. तिथे मूळ, म्हणजे क्लासिक पद्धतीत मेलेला सैनिक कायमचा जातो. २०१० नंतरच्या बऱ्याच भागांत तो पुढच्या लढाईला परत येईल असा कॅज्युअल पर्यायही असतो. दोन्ही चालतील. पण क्लासिक निवडून प्रत्येक मृत्यूनंतर गेम पुन्हा लोड करणं ही तिसरी वाट घेऊ नका. त्यात वेळ दुप्पट जातो आणि हरण्याचं दुःखही खरं राहत नाही. क्लासिक निवडलंत तर गेलेल्याला जाऊ द्या. त्याच्याविना पुढची लढाई आखताना हा गेम सर्वात उंच जातो.

पायरी ५: कुठे थांबायचं ते शिका

झोपवलेला गेम म्हणजे सेव्ह नव्हे. बॅटरी पूर्ण उतरली किंवा स्विचवर मध्येच दुसरा गेम सुरू केला, तर झोपलेला गेम जातो. दिवसाच्या शेवटी खराखुरा सेव्ह करा, आणि दोन-तीन स्लॉट (सेव्ह ठेवायच्या जागा) आळीपाळीने वापरा. स्विचवर सेव्ह कार्ट्रिजमध्ये किंवा मेमरी कार्डवर नसतो, कन्सोलच्या आतल्या मेमरीत असतो. आणि ‘पोकेमॉन स्कार्लेट’सारखे काही गेम्स क्लाउडवर सेव्हची प्रत ठेवू देत नाहीत. यंत्र बदलताना हे आठवा.

थांबायची जागाही विचारपूर्वक निवडा. भुयाराच्या मधोमध थांबू नका. परत आल्यावर दिशा हरवते. नव्या गावात पोहोचलात, एक-दोघांशी बोललात, पुढे कुठे जायचं ते कळलं, की थांबा. मोबाइलवर किंवा कागदावर एक ओळ टिपून ठेवा: ‘उत्तरेच्या दीपगृहाकडे, बर्फाचा मंत्र लागेल.’ गेममधल्या क्वेस्टच्या यादीत सगळं लिहिलेलं असतं, पण तुमच्या डोक्यात काय चाललं होतं ते तिथे नसतं.

पायरी ६: खंड पडलाच तर

नव्याने सुरुवात करू नका. अर्ध्यावर सोडलेला गेम पहिल्यापासून खेळणारा माणूस बहुतेक वेळा त्याच जागी दुसऱ्यांदा सोडतो. त्याऐवजी सेव्ह उघडा आणि पहिली वीस मिनिटं कथेत पुढे जाऊच नका. प्रत्येक पात्राचा मेन्यू वाचा, जवळच्या गावात लोकांशी पुन्हा बोला, मग बाहेर पडून दोन-चार सोप्या लढाया लढा. बोटांना बटणं आठवली की डोक्यालाही कथा आठवू लागते.

उपकथांचा ढीग साचला असेल तर त्यातल्या ज्यांची माणसं तुम्हाला आवडली आहेत, तेवढ्याच घ्या. ‘दहा फुलं आणून दे’ छापाच्या निःसंकोच सोडा.

पायरी ७: शेवटचं भुयार

इथे मात्र तुकडे पाडू नका. शेवटचा बॉस बऱ्याच आरपीजींमध्ये दोन-तीन रूपं घेतो, मध्ये सेव्ह मिळेलच असं नाही, आणि त्यानंतरचा शेवट व श्रेयनामावली मिळून बराच वेळ चालते. यासाठी एक मोकळी संध्याकाळ ठेवा, कन्सोल चार्जरला लावा. आत शिरण्याआधीचा सेव्ह वेगळ्या स्लॉटमध्ये ठेवा, कारण काही ठिकाणी आत गेल्यावर बाहेर येता येत नाही आणि राहिलेल्या उपकथा कायमच्या बंद होतात. संपल्यावर सेव्ह करायचं का असं गेमने विचारलं, तर तो सेव्हही जुन्यावर न करता नव्या स्लॉटमध्ये करा. ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये तोच सेव्ह ‘न्यू गेम प्लस’, म्हणजे कमावलेली ताकद घेऊन नव्याने खेळायची सोय, उघडतो, आणि त्याचे बाकीचे बहुतेक शेवट त्या वाटेने गेल्यावर दिसतात.